लाओसच्या गादीवर कोण बसायचं आणि ते कोण ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी लाओसच्या राजांचा तक्ता करतोय. रकाने तीन: वडील कोण, राज्याभिषेक कधी, शेवट कसा. पण बापानंतर लेक अशी ओळच लागत नाही. मधेच भाऊ येतो, कुठे पुतण्या, कुठे चक्क मंत्री. एकाच राजाची सालं तीन पुस्तकांत तीन. वारस ठरवायचा काही नियम होता की नव्हता?"

आग्नेय आशियाचा इतिहास मी बावीस वर्षं शिकवते आहे आणि दरवर्षी याच ठिकाणी वर्ग अडतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नियम होता, पण तो थोरल्या मुलाचा नव्हता. राजरक्त ही पहिली अट. त्या रक्ताचे दावेदार नेहमीच पाच-पन्नास असत, कारण राजाच्या राण्या अनेक. त्यातून एकाला उचलून गादीवर बसवायचं काम मोठ्या सरदार-मंत्र्यांच्या सभेचं. या सभेला 'सेना' म्हणत. शब्द आपलाच आहे, अर्थ मात्र तिकडे मंत्रिमंडळाकडे झुकलेला. सभेला भिक्षुसंघाची संमती लागे. आणि हे सगळं चालू असताना वेशीवर कोणाची फौज उभी आहे, यावरही पुष्कळ ठरे. तुमच्या तक्त्यात 'वडील' या रकान्याशेजारी 'आई' आणि 'पाठीशी कोण' असे दोन रकाने वाढवा. निम्मे गुंते तिथेच सुटतील.

आधी सालांचं बघू. लाओ बखरींना 'फोंगसावदान' म्हणतात. हा शब्द 'वंश' आणि 'अवतार' यांचा जोड आहे. या बखरी ताडपत्रावर लिहिल्या, पुन्हा पुन्हा नकलल्या गेल्या, आणि त्यातली कालगणना चुल्लशकाची, म्हणजे धाकट्या शकाची. त्यात ६३८ मिळवले की इसवी सन येतो. पण ते वर्ष एप्रिलच्या मध्यावर बदलतं, त्यामुळे एका वर्षाचा फरक सहज पडतो. दुसरं म्हणजे, राजा वारला तो दिवस, नव्याने कारभार हाती घेतला तो दिवस आणि अभिषेक झाला तो दिवस, या तिन्हींत कधी महिने तर कधी वर्षं जात. विसाव्या शतकातले राजे सिसवांग वोंग १९०४ मध्ये गादीवर आले आणि अभिषेक झाला १९०५ मध्ये. दोन पुस्तकं दोन सालं देतात आणि दोन्ही बरोबर असतात. तेव्हा तक्त्यात 'गादीवर' आणि 'अभिषेक' वेगळे ठेवा.

आता मूळ गोष्ट. लान सांग, म्हणजे दहा लाख हत्तींचं राज्य, फा न्गुमने १३५३ मध्ये उभं केलं. तो मुआंग सुआच्या, म्हणजे आजच्या लुआंग प्रबांगच्या, राजघराण्यातला. बखर सांगते की तो जन्मला तोच तेहतीस दात घेऊन, आणि अपशकुन म्हणून त्याला नदीत सोडून दिलं. वाढला तो आंगकोरच्या ख्मेर दरबारात, लग्न ख्मेर राजकन्येशी झालं, आणि ख्मेर फौज घेऊन येऊन त्याने आपल्याच घरच्यांकडून गाव घेतलं. म्हणजे पहिलाच राजा वारसाहक्काने बसलेला नाही. सासरच्या फौजेने बसलेला आहे. त्याचा शेवटही बघण्यासारखा आहे. सुमारे वीस वर्षांनी मंत्र्यांनी त्याला पायउतार केलं आणि नान नावाच्या शेजारच्या मुलखात हद्दपार केलं. बखरीत कारण दिलंय की तो लोकांच्या लेकीसुनांवर हात टाकू लागला होता. मंत्र्यांनी घराणं बदललं नाही, त्याच्याच मुलाला, उन हुआनला, बसवलं. राजा काढायचा अधिकार सभेने पहिल्याच पिढीत वापरला आणि पुढे तो कधी सोडला नाही.

हाच उन हुआन म्हणजे सामसेनताय. नावाचा अर्थ तीन लाख ताय, आणि ताय म्हणजे लाओ लोक ज्यातले तो मोठा लोकसमूह. १३७६ च्या शिरगणतीत कामाला आणि लढाईला येतील असे तीन लाख ताय पुरुष मोजले गेले, त्यावरून हे नाव पडलं. त्याने चाळीसेक वर्षं राज्य केलं, अयुत्थया, लान ना (राजधानी चियांग माय) अशा शेजारच्या दरबारांशी सोयरिकी केल्या. त्या सोयरिकींनी त्याच्या हयातीत सीमा शांत राहिल्या. त्याच्या पश्चात मात्र प्रत्येक राणीचा मुलगा हा प्रत्येक शेजाऱ्याचा भाचा किंवा नातू निघाला.

१४१६ ते १४२८ लान खाम देंग, त्याचा मुलगा. तो गेला आणि मग तुमच्या तक्त्यातला तो दाट भाग येतो, जिथे दहा-बारा वर्षांत सहा-सात राजे एकामागून एक बसले आणि मारले गेले. हा सगळा काळ एका बाईच्या नावावर आहे: महादेवी. ती सामसेनतायची मुलगी, बहीण की विधवा, यावर बखरींचं एकमत नाही. पण राजे बसवणारी आणि उठवणारी तीच, यावर आहे. शेवटी तिलाही मारलं. या बाईकडे खलनायिका म्हणून बघून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. सभा, राण्यांची माहेरं आणि प्रांतांचे सुभेदार यांची ओढाताण तिच्या आधीही होती, नंतरही राहिली. बखर लिहिणाऱ्या पुरुषांनी ती एका बाईच्या पदरात घातली. तिच्यानंतर सभेने व्हिएन्त्यानहून, म्हणजे आजच्या राजधानीच्या गावाहून, सामसेनतायच्याच एका मुलाला बोलावलं. तो साय चक्कफत. 'चक्कफत' म्हणजे आपला चक्रवर्ती. १४७९ मध्ये व्हिएतनामचा ले थान तोंग चाल करून आला, राजधानी पडली, आणि या चक्रवर्तीच्या मुलाने, सुवन्न बनलांगने, ती परत मिळवून गादी घेतली.

त्याच्यानंतरचे दोन राजे ओलांडून पुढे जाऊ. १५०० ते १५२० विसुन, मग त्याचा मुलगा फोथिसारात, मग त्याचा मुलगा सेत्थाथिरात. इथे आजोबा, बाप, लेक अशी सरळ ओळ दिसते, पण तिच्यातही आईचं माहेर आहेच. सेत्थाथिरातची आई लान नाच्या राजाची मुलगी. तिकडे गादी रिकामी झाली तेव्हा चियांग मायच्या लोकांनी १५४६ मध्ये या किशोरवयीन नातवाला बोलावून राजा केलं. १५४७ च्या सुमारास इकडे वडील हत्तींच्या शिकारीत हत्तीखाली सापडून गेले आणि भावांनी राज्य वाटून घ्यायला सुरुवात केली. पोरगा धावत परत आला, येताना पाचूचा बुद्ध बरोबर घेऊन. ही मूर्ती पुढे दोनशेहून अधिक वर्षं लाओ भूमीवर राहिली. १५६० मध्ये त्याने राजधानी व्हिएन्त्यानला हलवली, १५६६ मध्ये थात लुआंग हा मोठा स्तूप बांधायला घेतला, आणि १५७१ च्या सुमारास दक्षिणेत अत्तपुकडे मोहिमेवर असताना तो नाहीसाच झाला. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

मागे राहिला एक तान्हा मुलगा, नो केव कुमान. त्या बाळाच्या आजोबांनी, आईच्या वडिलांनी, आधी पालक म्हणून कारभार घेतला आणि मग स्वतःच गादीवर बसले. हे सेन सुलिंथा. तुम्ही विचारलेला 'चक्क मंत्री' तो हाच. जन्माने राजघराण्यातला नाही, म्हणून काही याद्या त्याला गाळतात. तुम्ही गाळू नका. पुढे ब्रह्मी फौज आली, सेन सुलिंथाला धरून नेलं, राजपुत्राला ओलीस म्हणून पेगूला, ब्रह्मी राजधानीत, ठेवलं आणि सेत्थाथिरातच्या भावाला मांडलिक म्हणून बसवलं. तो पळून जाताना बुडून मेला. सेन सुलिंथा परत आला, त्याच्यामागून त्याचा मुलगा थोडे दिवस, आणि १५८३ पासून गादी सरळ रिकामी. आठ वर्षं. अखेर भिक्षूंचं शिष्टमंडळ पेगूला गेलं आणि १५९१ मध्ये राजपुत्राला सोडवून घेऊन आलं. भिक्षुसंघ वारसाच्या निवडीत कसा उतरायचा याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. सरदारांना जे जमलं नाही ते चीवर पांघरलेल्या माणसांनी केलं. नो केव कुमान पाचच वर्षं जगला आणि निपुत्रिक गेला, ही त्यातली दुःखाची बाजू.

आता सर्वांत महत्त्वाचा राजा. १६३७-३८ मध्ये सुलिन्य वोंगसा गादीवर आला. नाव मराठी कानाला परकं वाटतं, पण ते 'सूर्यवंश' आहे. तो आला तो भावांना आणि चुलतभावांना बाजूला सारून. थोरला भाऊ जीव वाचवून व्हिएतनामी मुलखात ह्युएला गेला, बाकीचे पांगले. पुढची पन्नासहून अधिक वर्षं राज्य इतकं शांत होतं की १६४१ मध्ये आलेला डच व्यापारी खेरित फान व्यूस्तहोफ व्हिएन्त्यानचं वैभव लिहून गेला, आणि पाठोपाठ आलेला जेझुइट पाद्री लेरिया पाच वर्षं राहिला.

या राजाला मुलगा होता, युवराज. त्याने राजसेवकांच्या प्रमुखाच्या बायकोशी संबंध ठेवले. तक्रार झाली. कायद्याप्रमाणे शिक्षा मृत्यूची होती आणि बापाने ती माफ केली नाही. मुलगा मारला गेला. मागे दोन लहान नातू राहिले, किंगकित्सरात आणि इंथसोम. वर्गात या राजाच्या न्यायनिष्ठेचं सगळ्यांना कौतुक वाटतं आणि मीही ते नाकारत नाही. पण लान सांग नावाचं राज्य ज्या दिवशी मोडलं, तो दिवस माझ्या मते त्याच्या मृत्यूचा नव्हे, या शिक्षेचा आहे. भाऊ हाकललेले, मुलगा गेलेला, नातू पोरवयात. १६९४ च्या सुमारास म्हातारा राजा वारला तेव्हा सभेला निवडायला माणूसच उरला नव्हता.

मग जे झालं ते ओळीने बघा, कारण तिथेच तुमचा तक्ता एकाचा तीन होतो. आधी थियान थाला नावाच्या ज्येष्ठ मंत्र्याने गादी बळकावली. तो फार टिकला नाही. १६९८ मध्ये ह्युएला गेलेल्या त्या थोरल्या भावाचा मुलगा व्हिएतनामी पाठबळ घेऊन आला आणि व्हिएन्त्यान त्याने घेतलं. त्याचं नाव साय ओंग ह्युए. ज्या गावात वाढला ते गाव नावालाच चिकटलं. नातू उत्तरेला निसटले होते, त्यांची आई सिप्सोंग पन्ना या उत्तरेच्या राज्याच्या दरबारची. तिकडची फौज घेऊन किंगकित्सरातने १७०७ मध्ये लुआंग प्रबांग घेतलं. आणि सुलिन्य वोंगसाची मुलगी सुमंगला गरोदर असताना फोन समेत नावाच्या मोठ्या भिक्षूबरोबर दक्षिणेला गेली. चंपासाकला त्या भिक्षूचा इतका मान होता की तिथला कारभारच त्याच्या हाती आला. १७१३ मध्ये त्याने सुमंगलाच्या मुलाला, नोकसातला, राजा केलं.

एक भावाचा मुलगा, एक मुलाचा मुलगा, एक मुलीचा मुलगा. तिघांत राजरक्त, तिघांचं पाठबळ वेगळं: व्हिएतनामची फौज, आजोळची फौज, आणि एक भिक्षू. जुन्या नियमाने तिघेही पात्र होते, म्हणूनच कोणी माघार घेतली नाही. १७०७ पासून तुमच्या तक्त्यात लुआंग प्रबांग, व्हिएन्त्यान आणि चंपासाक अशा तीन ओळी समांतर चालवा. शियांग ख्वांगचं फुआन घराणं चौथं, पण ते कायम कोणाचं तरी मांडलिक, त्याला तळटीप पुरे.

तुम्हाला भावामागून भाऊ दिसतात ते मुख्यतः यानंतर. लुआंग प्रबांगला इंथसोमचे मुलगे, सोतिक कुमान, सुरियवोंग आणि अनुरुत, एकामागून एक राजे झाले. एकोणिसाव्या शतकात मंथा तुरातचे तीन मुलगे, सुखसोम, थियांथा आणि उन खाम, असेच. व्हिएन्त्यानला नंथसेन, इंथवोंग आणि अनुवोंग, तिघे सख्ख्या नात्यातले. यामागे एक व्यवस्था होती. लाओ दरबारात सर्वोच्च पदं चार: स्वतः राजा, मग 'उपरात', मग 'रात्सवोंग', मग 'रात्सबुत'. मोठ्याने म्हणून बघा: उपराज, राजवंश, राजपुत्र. उपराज बहुधा राजाचा भाऊ किंवा जवळचा नातलग असे, त्याचा वाडा वेगळा, माणसं वेगळी. राजा गेला की तयार, वयाने पोक्त, फौज हाताशी असलेला माणूस तोच. म्हणून गादी अनेकदा त्याच्याकडे जाई. हक्क म्हणून नव्हे, सोय म्हणून.

पण १७७९ नंतर शेवटचा शब्द सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, झाला. त्या साली सयामी फौजेने व्हिएन्त्यान घेतलं, पाचूचा बुद्ध नेला, तिन्ही राज्यं मांडलिक झाली. राजपुत्र बँकॉकला ओलीस म्हणून वाढत आणि तिथून नेमणूक घेऊन येत. अनुवोंग तसाच वाढलेला. भाऊ इंथवोंग राजा असताना तो उपराज होता, सयामच्या बाजूने ब्रह्मींशी लढला, १८०५ मध्ये राजा झाला. १८२५ मध्ये सयामच्या दुसऱ्या रामाच्या अंत्यविधीला गेला असताना त्याने सयामला नेलेली आपली माणसं परत मागितली, नकार मिळाला. १८२७ मध्ये तो उठला. १८२८ मध्ये व्हिएन्त्यान जाळून रिकामं केलं गेलं, राजाला पकडून बँकॉकला पिंजऱ्यात ठेवून लोकांना दाखवलं, आणि तो १८२९ मध्ये तिथेच मेला. व्हिएन्त्यानची गादी पुन्हा कोणाला दिली नाही. ती ओळ इथे संपवा.

लुआंग प्रबांग टिकलं. १८८७ मध्ये उत्तरेच्या डोंगरातला सरदार देव वान त्री याच्या टोळ्यांनी ते लुटलं, तेव्हा वृद्ध उन खामना फ्रेंच प्रतिनिधी ओग्युस्त पावी याच्या माणसांनी नावेत घालून मेकाँगवरून खाली नेलं. या उपकाराची किंमत मोठी होती: १८९३ पासून मेकाँगच्या पूर्वेचा मुलूख फ्रेंचांचा. पण वारसाच्या दृष्टीने एक नवी गोष्ट झाली. उन खाम, त्यांचा मुलगा झकारिन, त्यांचा मुलगा सिसवांग वोंग, त्यांचा मुलगा सवांग वत्थना: चार पिढ्या बापानंतर लेक. फ्रेंचांना असा नेमका वारस सोयीचा होता. तुमच्या मनात राजवंशाचं जे चित्र आहे, ते लाओसला या शेवटच्या ऐंशी वर्षांतच खरं ठरतं.

उपराजाचा वाडा मात्र विझला नाही. उपराज बुनखोंग १९२० मध्ये वारले, त्यानंतर ते पद रिकामंच होतं. १९४१ मध्ये त्यांचा मुलगा फेत्सरात याला ते मिळालं. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये लाओ इस्सरा या स्वातंत्र्यवादी चळवळीच्या सरकारने सिसवांग वोंगना पदच्युत केलं, एप्रिल १९४६ मध्ये पुन्हा मानलं, आणि मग चंपासाकच्या बुन उम यांनी आपला दावा सोडल्यावर ते सगळ्या लाओसचे राजे झाले. १७०७ नंतर प्रथमच. १९४७ च्या घटनेने राजा बौद्ध असलाच पाहिजे असं लिहून ठेवलं.

सिसवांग वोंग २९ ऑक्टोबर १९५९ रोजी गेले. दहन झालं ते एप्रिल १९६१ मध्ये. मधल्या काळात देशात बंड आणि यादवी सुरू झाली होती. लुआंग प्रबांगच्या वाट शियांग थोंग विहारात राजघराण्याचा अंत्ययात्रेचा रथ ठेवला आहे. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा मान पूर्ण मागे टाकावी लागली होती: बारा मीटर उंच, सोन्याने मढवलेला, पुढच्या बाजूला फणा काढलेले नाग, आणि वर अस्थिकलश. तिथून मुख्य रस्त्याने चालत राजवाड्यात जाता येतं, तो आता संग्रहालय आहे. त्याच्या सिंहासनगृहाच्या लाल भिंती रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या आहेत. घोडे, हत्ती, माणसं, नावा, सगळं काचेचं. दुपारचं ऊन आत आलं की भिंत हलल्यासारखी वाटते. ही सजावट नव्या राजाच्या अभिषेकासाठी केली होती. युद्ध संपल्यावर करू, असं म्हणत सवांग वत्थनांनी तो पुढे ढकलला. युद्ध संपलं १९७५ मध्ये.

२ डिसेंबर १९७५ रोजी राजेशाही संपली. राजाचं पदत्यागाचं पत्र घेऊन युवराज वोंग सवांग व्हिएन्त्यानला गेले. नव्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झाले सुफानुवोंग, म्हणजे उपराज बुनखोंग यांचाच मुलगा. १९७७ च्या मार्चमध्ये राजा, राणी आणि युवराज यांना पकडून ईशान्येला साम नुआच्या बाजूच्या छावणीत नेलं, आणि तिघांपैकी कोणी परत आलं नाही. १९८९ मध्ये पॅरिसच्या भेटीत नव्या राजवटीचे कम्युनिस्ट नेते कायसोन फोमविहान यांनी राजे म्हातारपणाने वारल्याचं सांगितलं, तोवर सरकारकडून उघडपणे एक शब्द आला नव्हता. युवराजांचा मुलगा सुलिवोंग सवांग १९८१ मध्ये मेकाँग ओलांडून थायलंडला निसटला आणि पुढे फ्रान्समध्ये राहिला. थोरल्या ओळीने मोजायचं तर वारस तो.

तेव्हा तक्त्याची शेवटची नोंद अशी करा: सवांग वत्थना, वडील सिसवांग वोंग, गादीवर २९ ऑक्टोबर १९५९, पदत्याग २ डिसेंबर १९७५. राज्याभिषेकाचा रकाना कोरा सोडा.